धातुमळी आणि रस्त्याखालची माती

लोखंड, पोलाद, तांबे यांच्या भट्ट्यांतून निघणारी मळी, म्हणजे स्लॅग, वापरून रस्त्याचा पाया भक्कम करण्याची पद्धत. मळी दळून कमकुवत मातीत मिसळतात किंवा खडी-मुरमाऐवजी थर म्हणून पसरतात. भारतात या उपायाची निकड सर्वांत जास्त काळ्या मातीला. दख्खनची ही माती कापसाला मानवते, रस्त्याला नाही. तिच्यातले माँटमोरिलोनाइट हे खनिज पावसाळ्यात पाणी शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि जमिनीला खोल भेगा पडतात. वर डांबर कितीही ओतले तरी खालची जमीन हलायची थांबत नाही. माती काढून मुरूम भरणे हा जुना इलाज; त्यापायी टेकड्या खणल्या जातात.

झोतभट्टीत खनिजातली अशुद्ध द्रव्ये चुनखडीशी संयोग पावून वितळलेल्या लोखंडावर तरंगतात. ही तप्त मळी पाण्याच्या झोताखाली एकदम थंड केली, की स्फटिक बनायला सवड मिळत नाही. काचेसारखे दाणे होतात. त्यांची बारीक भुकटी पाण्याने घट्ट होते, पण फार सावकाश. थोडा चुना घातला की काच विरघळू लागते, कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होते आणि मातीचे कण एकमेकांना जखडले जातात. चुन्यातल्या कॅल्शियममुळे मातीचे फुगणेही कमी होते. जिप्सम असलेल्या मातीत मात्र नुसता चुना उलटतो: एट्रिंगाइट हे खनिज वाढून रस्ताच उचलला जातो. चुन्याचा बराचसा भाग मळीने भरून काढला तर हा धोका घटतो.

पोलादाची मळी ही वेगळीच चीज. तिच्यात मोकळा चुना आणि मॅग्नेशिया शिल्लक असतात. ओल लागली की तीच फुगते. फुगणाऱ्या मातीवर ती ताजी टाकणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. म्हणून तिचे ढीग काही महिने उघड्यावर भिजवत ठेवतात किंवा तिला वाफ देतात. मुरलेली मळी टणक आणि कोनदार असते. रोलरखाली तिचे खडे एकमेकांत घट्ट बसतात. २०२२ मध्ये सुरतजवळ हजिरा येथे अशा मळीचा सहापदरी रस्ता खुला झाला. त्यामागचे तंत्र केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचे होते. मुंबई-गोवा महामार्गाच्या रायगडमधील एका टप्प्यात डोलवीच्या कारखान्यातली मळी वापरली गेली. या दोन्ही ठिकाणी मळी खडीच्या जागी आली, मातीत मिसळली नाही. बातम्यांत हा फरक सहसा पुसला जातो.

ग्रामीण रस्त्यांत लोखंड, पोलाद व तांब्याची मळी वापरण्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसने २०१८ मध्ये मार्गदर्शिका काढली. मिश्रणाचे नमुने चार दिवस पाण्यात ठेवून त्यांची भारक्षमता, म्हणजे सीबीआर, मोजतात. मळीतून झिरपणारे पाणी अल्कधर्मी असते आणि त्यात जड धातूही उतरू शकतात. जवळ विहीर असेल तर ते तपासणे टाळता येत नाही. पोलादाची मळी बेसाल्टच्या खडीपेक्षा जड, त्यामुळे वाहतूक महाग पडते. कारखान्यापासून लांबच्या गावात मुरूमच स्वस्त ठरतो.