हवाई दलात ‘चेंज ऑफ कमांड’ म्हणजे काय? झेंडा हातोहात का दिला जातो?

ऑफिसात बॉस बदलला की एक ईमेल येतो आणि काम सुरू राहतं. मग हवाई दलात अधिकारी बदलताना परेड, सॅल्यूट आणि झेंडा कशासाठी? समजून घेऊया.

सोहळ्यात काय होतं?

अमेरिकी हवाई दलाचं उदाहरण बघू. जवान रांगेत उभे असतात. जाणारे कमांडर शेवटचा सॅल्यूट स्वीकारतात आणि तुकडीचा झेंडा वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हाती देत कमांड सोडत असल्याचं सांगतात. वरिष्ठ अधिकारी तोच झेंडा नव्या कमांडरला देतात. ते कमांड स्वीकारत असल्याचं जाहीर करतात आणि तुकडीचा पहिला सॅल्यूट घेतात.

झेंड्यामुळे अधिकार मिळतो का?

नाही. अधिकार मिळतो तो लेखी आदेशाने. झेंडा हे त्याचं सर्वांना दिसणारं रूप. आजपासून आदेश कुणाचा मानायचा, याबद्दल एकाही जवानाच्या मनात शंका राहू नये, हा त्यामागचा हेतू. कारण लढाऊ दलात जबाबदारीची खुर्ची क्षणभरही रिकामी राहून चालत नाही.

भारतात कसं होतं?

हवाई दलप्रमुखांचा कार्यकाळ ३ वर्षं किंवा वयाच्या ६२ व्या वर्षापर्यंत, यातलं जे आधी येईल तोपर्यंत असतो. निवृत्त होणारे प्रमुख दिल्लीतल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर पुष्पचक्र वाहतात, त्यांना गार्ड ऑफ ऑनर दिला जातो आणि त्याच दिवशी नवे प्रमुख सूत्रं स्वीकारतात.

३० सप्टेंबर २०२४ रोजी एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी यांच्याकडून एअर चीफ मार्शल अमर प्रीत सिंग यांनी सूत्रं घेतली. चौधरी हे मूळचे नांदेड जिल्ह्यातले.

इतिहासातले दोन प्रसंग

१ एप्रिल १९५४ रोजी सर जेराल्ड गिब्स या ब्रिटिश अधिकाऱ्याकडून सुब्रतो मुखर्जी यांनी सूत्रं घेतली आणि आपल्या हवाई दलाला पहिले भारतीय प्रमुख मिळाले.

पण मुखर्जींना स्वतःला निरोपाचा सॅल्यूट घेता आला नाही. ८ नोव्हेंबर १९६० रोजी पदावर असतानाच टोकियोत त्यांचं निधन झालं. १ डिसेंबरला ॲस्पी इंजिनिअर प्रमुख झाले.

माणसं बदलतात, कमांड सुरू राहते. हा सोहळा तेच सांगतो.