कौलांखालचा अपराधी : मुंबईचा प्लेग आणि घरातली हवा

१/ सन १८९७. मुंबईच्या दाट वस्तीतील प्लेगग्रस्त घरांवर सरकारी पथके चढत आणि छपराची कौले उतरवीत. कोंदट खोल्यांत ऊन-वारा शिरला म्हणजे रोग हटेल, अशी त्यांची धारणा होती. अपराधी अनेकदा त्याच कौलांखाली दडलेला असे. पण तो कोंडलेली हवा नव्हता.

२/ सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी या रोगाचे निदान केले. मूळचे गोव्याच्या हडफडे गावचे हे डॉक्टर मुंबईत वैद्यकी करीत. मांडवी म्हणजे बंदरालगतची धान्याच्या वखारींची वस्ती. तेथे माणसांच्या आधी उंदीर मरून पडत होते.

३/ प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे मात्र ठाऊक नव्हते. त्यामुळे जुन्या समजुतीचा पगडा कायम राहिला : घाण, ओल आणि कोंडलेली हवा यांतून रोग उपजतो. मग रुग्णाइतकेच त्याचे घरही संशयित ठरले.

४/ संशयाला आधार होता. मुंबईच्या चाळींत कित्येक खोल्यांना बाहेरच्या हवेकडे उघडणारी एकही खिडकी नसे. देशावरच्या धाब्याच्या घरात निदान छताला साणे असे. त्यातून धूर बाहेर जाई आणि उजेड आत येई. चाळीतल्या मधल्या मजल्यावरच्या खोलीला तेवढीही सोय नव्हती, कारण तिच्या डोक्यावर आकाश नव्हते, दुसरे बिऱ्हाड होते.

५/ फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. भिंतींना चुना फासला गेला, कार्बॉलिकने घरे धुतली गेली, छपरे उघडली गेली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या खोल्यांवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरे रंगविली गेली. त्यांचा अर्थ : मनुष्यवस्तीस अयोग्य.

६/ त्या खोलीत कालपर्यंत राहणारे कुटुंब आज जाणार कोठे, याचे उत्तर त्या तीन अक्षरांत नव्हते. लाखो लोकांनी शहर सोडले. रोगाइतकीच भीती तपासणी पथकांचीही होती.

७/ १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने प्रयोगान्ती सांगितले की प्लेग एका उंदराकडून दुसऱ्याकडे नेणारी वाहक पिसू आहे. त्या वेळी फार थोड्यांनी त्यावर विश्वास ठेवला. निर्णायक पुरावा मिळाला तो १९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाच्या मुंबईतील प्रयोगांतून.

८/ हा प्रयोग छपरांचाच होता. आयोगाने सहा लहान खोल्या बांधल्या. बाकी सारे सारखे, फक्त छप्पर निराळे : दोहोंवर देशी कौले, दोहोंवर सपाट मंगळुरी कौले, दोहोंवर लोखंडी पन्हळी पत्रा. देशी कौलांच्या पोकळ्यांत उंदीर मुबलक राहत. मंगळुरी कौलांत कमी. पत्र्याखाली त्यांना थाराच नव्हता.

९/ कौलांखाली जाळी ताणली होती. तिच्यातून उंदीर खाली येऊ शकत नसत. पिसवा मात्र गळून पडत. खोल्यांत आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र सोडले. पिसवा होत्या तेथे रोग पसरला. पिसवा नव्हत्या तेथे आजाऱ्यांच्या सहवासात राहूनही निरोगी प्राणी निरोगीच राहिले.

१०/ हवेची बाजू मांडणारा पुरावाही मिळाला. पिसवांनी भरलेल्या खोलीत काही प्राणी पिंजऱ्यात घालून जमिनीपासून २ फूट उंच टांगले. खोली तीच, हवा तीच. तरी ते वाचले, कारण पिसू तेवढी उंच उडी मारू शकत नाही. प्लेगच्या खटल्यात गाठीच्या प्लेगपुरती हवा निर्दोष ठरली.

११/ तोवर हवेच्या नावाने शहराचा नकाशा बदलू लागला होता. १८९८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट त्यांपैकीच. समुद्राचा वारा शहराच्या पोटात शिरावा, ही त्यामागची कल्पना.

१२/ ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आणला : समोरच्या इमारतीच्या माथ्यावरून ६३.५ अंशांत उतरणारा प्रकाश खालच्या खोलीच्या खिडकीपर्यंत पोहोचलाच पाहिजे. म्हणजे दोन इमारतींतील मोकळी जागा उंचीच्या निम्मी तरी हवी. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतील उजेड आणि हवा याच विषयावर व्याख्यान दिले.

१३/ नियम चुकीच्या निदानातून जन्मला, म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. क्षयरोग कोंडलेल्या हवेतूनच पसरतो, आणि अंधाऱ्या चाळीत त्याला मोकळे रान होते. प्लेगसाठी उघडलेली खिडकी क्षयाविरुद्ध उपयोगी पडणारी होती.

१४/ मात्र हिशेबाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. ट्रस्टने बांधलेल्या खोल्यांपेक्षा पाडलेल्या खोल्या अधिक होत्या. बेघर झालेली माणसे शेजारच्या चाळींत दाटीवाटीने शिरली आणि तेथली हवा आणखी कोंडली. घरात वारा खेळवणे ही स्थापत्याची गोष्ट खरी. पण ज्याच्यासाठी तो खेळवायचा, तो माणूस आधी त्या घरात राहू शकला पाहिजे.