भिंतीवरची सही : कल्याण खजिन्यापासून कुरुळी फाट्यापर्यंत

पुण्याहून नाशिककडे निघालेला रस्ता मोशी ओलांडून चाकणच्या दिशेने वळला की कुरुळी लागते. कारखान्यांच्या बस, मालवाहू ट्रक आणि दोन्ही अंगांना उभे फ्लेक्स. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, गावची यात्रा, बैलगाडा शर्यत. शर्यतीच्या फलकावर बैलांची नावे मालकांच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरांत असतात. ही सर्व चित्रे कोण करतो, हा प्रश्न रस्त्याने जाणाऱ्याला सहसा पडत नाही. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रात तो पडत असे, आणि त्याचे उत्तरही ठाऊक असे. ही त्या उत्तराची गोष्ट आहे.

सुरुवात दगडापासून करावी लागते. शिलामुद्रण ही मूळची जर्मन कला. बव्हेरियातील विशिष्ट चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचे, शिळा ओली करायची आणि वर शाई फिरवायची. तेल व पाणी एकमेकांना दूर सारतात, म्हणून शाई केवळ रेषांवर बसते. रंगीत चित्र हवे असेल तर प्रत्येक रंगासाठी निराळी शिळा लागते आणि कागद त्या सर्व शिळांवरून तंतोतंत जुळवून न्यावा लागतो. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तेव्हा त्याची यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीचेच होते. कुरुळीपासून मळवली फार दूर नाही. घराघरांतल्या लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे तिथून निघाली, आणि दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्याआधी या छापखान्यासाठी काम केले होते.

याच शिळेने मध्य युरोपात निराळे काम केले. बुडापेस्टमध्ये मिहाय बिरो या चित्रकाराने १९१२ च्या सुमारास समाजवादी वृत्तपत्रासाठी हातोडा उगारलेला एक उघडा, लालभडक, महाकाय माणूस रेखाटला. त्याच्या पायाशी मजकूर अगदी थोडा होता. वाचता न येणाऱ्यालाही तो माणूस कळत होता. पुढे चित्रपटांचे वितरण सरकारी संस्थेकडे गेले, तरी हंगेरीत परदेशी चित्रपटांसाठी आपल्याच चित्रकारांकडून नवी पोस्टरे करून घेण्याची रीत टिकली. तिकीट खपवण्याचा दबाव कमी असल्याने चित्रकाराला नटाचा चेहरा टाळून रूपक निवडण्याची मोकळीक मिळे. राजवट कोसळत असताना इश्तवान ओरोस यांनी एका सोव्हिएत अधिकाऱ्याची जाड मान पाठीमागून काढली आणि रशियन भाषेत दोन शब्द लिहिले : कॉम्रेडहो, संपले. ते चित्र ओरोस यांच्या नावानेच ओळखले जाते.

महाराष्ट्रात तिकिटाचा दबाव पहिल्या दिवसापासून होता. म्हणूनच इथले पोस्टर चेहऱ्याचे झाले, आणि म्हणूनच ते बहुधा अनामिक राहिले.

अपवाद कोल्हापूरचा. बाबूराव मेस्त्री आणि त्यांचे आतेबंधू की चुलतबंधू, याविषयी सांगणारे वेगवेगळे सांगतात, पण भाऊ नक्की असे आनंदराव, हे दोघे संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. राजवाडा, अरण्य, नदीकाठ. या कामातूनच दोघांना ‘पेंटर’ हे आडनाव चिकटले. १९१६ मध्ये आनंदराव वारले. त्यानंतर बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने स्वतःचा कॅमेरा तयार केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा उभा करून दिला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० चा ‘सैरंध्री’ पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

याच कंपनीच्या ‘कल्याण खजिना’ (१९२४) या मूकपटाचे पोस्टर हे आज उपलब्ध असलेले भारतातील सर्वांत जुने सचित्र चित्रपट-पोस्टर मानले जाते. तोवर जाहिरात म्हणजे प्रामुख्याने अक्षरे : नाव, वेळ, दर. बाबूरावांना जाहिरातीतही चित्र हवे होते, आणि ते काढणारा हात कंपनीच्या मालकाचाच होता. पडदा रंगवणाऱ्याला लांबून दिसेल असे चित्र कसे रचायचे, हे शिकवावे लागत नाही. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतून जे ओळखू येते, ते रस्त्याच्या पलीकडूनही ओळखू येते.

‘कल्याण खजिना’ हा चित्रपट आज उपलब्ध नाही. बाबूरावांच्या मूकपटांचे फार थोडे अंश उरले आहेत. जुनी फिल्म नायट्रेटची असे, ती आपोआप कुजे आणि चटकन पेट घेई. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन होईपर्यंत पुष्कळ गेले होते, आणि ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातल्याच नायट्रेट फिल्मच्या कोठारात लागलेल्या आगीत उरलेल्यातले आणखी गेले. वेशभूषा कशी होती, कंपनी प्रेक्षकाला नेमके काय दाखवू पाहत होती, हे आता विचारायचे ते या कागदाला. खळ लावून भिंतीवर चिकटवायचा आणि पुढे फाडायचा म्हणून केलेली वस्तू चित्रपटाहून अधिक जगली.

मोठ्या फलकांचे नशीब एवढे चांगले नव्हते. चित्रपटगृहावरचा हाताने रंगवलेला फलक म्हणजे जोडलेले कापड, त्यावर आखलेल्या चौकटी, हातात एक लहान छायाचित्र आणि समोर दोन मजली चेहरा. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत आरंभी हेच काम करीत. गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित यांनी या व्यवसायात अभिजात तैलचित्राची सफाई आणली. सप्ताह संपला की त्याच कापडावर पुढचा चित्रपट रंगवला जाई. फारच जीर्ण झाले की ते कुणाच्या तरी झोपडीवर पावसाळ्यापुरते छप्पर होई. कलाकृतीच्या इतिहासात ‘छप्पर’ ही नोंद कुठे करावी, याची सोय संग्रहालयांच्या रजिस्टरांत नाही.

कोल्हापूरच्याच जी. कांबळे यांचे उदाहरण या सर्वांत बोलके आहे. १९१८ मध्ये जन्मलेले गोपाळ बळवंत कांबळे शांतारामबापूंच्या राजकमलमध्ये पोस्टरे व फलक रंगवीत. ‘मुघल-ए-आझम’ ऑगस्ट १९६० मध्ये मराठा मंदिरात लागला, तेव्हा त्याच्या प्रसिद्धीची चित्रे त्यांची होती. पुढे त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांचे जे चित्र साकारले, ते महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारले. राज्यातल्या असंख्य कार्यालयांत ते भिंतीवर असते. त्याच्याखाली रोज बसणाऱ्या किती जणांना चित्रकाराचे नाव सांगता येईल? याउलट दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकर यांची सही दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर असे आणि वाचक ती शोधून पाही. तेच शहर, तोच काळ. अंक घरात राहतो, पोस्टर भिंतीवरून उतरते; सहीची किंमत बहुधा इथेच ठरली.

चित्राइतकेच अक्षराचेही आहे. मराठी नाटकाची जाहिरात वर्तमानपत्रात दोन बोटे रुंदीच्या जागेत छापली जाई. तिथे चित्राला वाव नव्हता. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी ती अडचण अक्षरांवर सोपवली. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या कलाविभागात काम करणाऱ्या शेडग्यांनी नाटकांची शीर्षके अशी घडवली, की नाव वाचण्याआधी नाटकाची जात कळावी. देवनागरीची शिरोरेषा सर्व अक्षरांना एका दांडीला टांगते. ती तोडायची, वाकवायची की सोडून द्यायची, हा निर्णयच तिथे अभिनय होतो. ‘माझी अक्षरगाथा’ या त्यांच्या पुस्तकात हा प्रवास आहे. र. कृ. जोशी यांनी हीच बाब संगणकापर्यंत नेली. विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांचा.

पुढे फ्लेक्स आला आणि ब्रश थांबला. मुंबईत पठ्ठे बापूराव मार्गावरच्या आल्फ्रेड टॉकीजने हाताने रंगवलेले फलक बाकीच्यांनी सोडल्यानंतरही बरीच वर्षे चालवले, पण तो अपवादच. याला ऱ्हास म्हणणे सोपे आहे. मात्र कुरुळीसारख्या गावातल्या माणसाला पूर्वी आपला चेहरा फलकावर पाहण्याची मुभा कुठे होती? ती मुभा या स्वस्त छपाईने दिली, हेही नोंदवले पाहिजे. तिच्यासोबत प्लास्टिकचा न कुजणारा ढीग आला, आणि १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरणविरोधी कायद्याला न जुमानणारी गर्दीही.

याच रस्त्याने पुढे नारायणगाव आहे. यात्रांच्या हंगामात तिथे तमाशा फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. कोणता फड कोणता, हे राहुटीवरच्या फलकानेच कळते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर हे नाव आजही तिथे अक्षरांच्या आकारातून ओळखू येते. जुन्या फलक-परंपरेतले चेहरा, नाव, बिरुद आणि तारीख इथे जसेच्या तसे आहे. फक्त रंगाऐवजी शाई आहे.

नवे लोक मुख्यतः अक्षरांकडून आले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या समूहाने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे टंक सर्वांना मोफत खुले केले. अच्युत पालव यांच्या कार्यशाळांतून बोरू हाती धरणारी पिढी तयार झाली. गावच्या फ्लेक्सच्या दुकानात मात्र अजून कोरलड्रॉ आणि श्रीलिपी यांचीच जोडी असते. मुलगा मोबाइलवर आलेला फोटो कापतो, मागे सूर्यकिरण टाकतो, ‘घाटाचा राजा’ ही अक्षरे सोनेरी करतो, कडा जाड करतो आणि रात्री आठपर्यंत वीस फुटी फलक आयलेट मारून बांधायला देतो. अक्षराला कडा का द्यायची, ते त्याला कुणी शिकवलेले नसते. लांबून वाचता यावे म्हणून तो देतो. बाबूरावांनीही पडद्यावर हेच केले असते. फलकाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, पूर्वी चित्रकाराची सही असे तिथे, आता छापखान्याचा मोबाइल क्रमांक असतो.