विंडोज १० चे अपडेट थांबले, जुन्या कॉम्प्युटरचं काय?

अमरावती-अकोल्यातल्या बऱ्याच घरांत कॉम्प्युटर आला तो एमएस-सीआयटीच्या काळात. तेव्हा विंडोज एक्सपी (२००१) जोरात होती. उर्दू कंपोझिंगवाले तिच्यावरच इनपेज चालवायचे. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० ला. जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० चा नंबर १४ ऑक्टोबर २०२५ ला लागला.

अपडेट थांबले म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही, हे आधी समजून घ्या. पण नव्याने सापडलेली भोकं बुजवली जात नाहीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला, तेव्हा चालू विंडोजसाठी त्यावरचा अपडेट मार्चमध्येच आला होता. ‘नंतर पाहू’ म्हणणाऱ्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या.

विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा लागते. इंटेल प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा. आपला पीसी यात बसत नसेल तर मायक्रोसॉफ्ट खात्याने नोंदणी करून सेटिंग्ज सिंक करा, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट फुकट मिळतात. दुकानदार नवा पीसीच सुचवेल, घाई नको. फक्त इंटरनेट पाहायचं असेल तर लिनक्सही पुरते, अगदी आपल्या सी-डॅकची ‘बॉस’सुद्धा. इनपेज मात्र विंडोजसाठी बनलेलं. रोजीरोटी त्यावर असेल तर काहीही बदलण्याआधी फायली पेन ड्राइव्हवर काढून ठेवा.