सारीपाटातली जोडी

आजच्या भागात लढाई नाही, तह नाही. आज मी आमच्या घरातला एक जुना पट तुमच्यासमोर उलगडणार आहे.

आमचं घर इंदूरचं. दिवाळीचा फराळ झाला की आजी ट्रंकेतून कापडी सारीपाट काढायची. त्याला अधिक चिन्हासारख्या चार भुजा. प्रत्येक भुजेत तीन रांगा आणि रांगेत आठ घरं, म्हणजे एकूण ९६ घरं. चार रंगांच्या १६ सोंगट्या, आणि दान टाकायला कवड्या. सर्वांत मोठं दान २५ चं, म्हणून शेजारचे हिंदीभाषक या खेळाला पचीसी म्हणत.

फाशांचा नाद आपल्याकडे फार जुना. वेरूळच्या २९ क्रमांकाच्या लेण्यात शिव-पार्वती द्यूत खेळताना कोरलेले आहेत. फत्तेपूर सिक्रीला अंगणातल्या फरशीवरच पचीसीचा पट आखलेला आहे. तिथे अकबर माणसांनाच सोंगट्या करून खेळे, अशी आख्यायिका सांगतात. ती बाजूला ठेवू. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त याच घराण्यातल्या चौपड खेळाची माहिती दिली आहे. त्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: चार जण खेळत आणि दोघे दोघांविरुद्ध खेळत.

आमच्याकडेही तसंच. समोरासमोर बसणारे एकमेकांचे जोडीदार. तुमच्या चारही सोंगट्या घरी पोचल्या तरी तुम्ही जिंकत नाही, जोडीदाराच्याही पोचाव्या लागतात.

एका वर्षी वाड्याच्या वाटणीवरून बाबा आणि काका यांचं बोलणं बंद होतं. आजीने त्या दिवाळीत दोघांना मुद्दाम समोरासमोर बसवलं. काकांच्या दोन सोंगट्या मागे अडकल्या होत्या. बाबांची शेवटची सोंगटी घराच्या तोंडाशी होती. बाबांनी ती आत नेली नाही. काकांच्या वाटेत आमची सोंगटी होती, ती मारायला त्यांनी आपली सोंगटी दुसऱ्या फेरीला बाहेर काढली. सहा महिन्यांनी काका पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले, "दादा, पाच पडू दे." वाटणीचा वाद त्याने मिटला नाही. पण त्यानंतर दोघे बोलत राहिले.

१८९६ साली इंग्लंडमध्ये याच खेळाच्या सोप्या रूपाचं पेटंट घेतलं गेलं. त्याचं नाव लूडो, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'मी खेळतो'. कवड्यांच्या जागी एक चौकोनी फासा आला. नियम सुटसुटीत झाले, लहान मुलांनाही झटकन जमू लागले. जोडी मात्र सुटली आणि प्रत्येक जण एकटा खेळू लागला. तोच खेळ पुठ्ठ्याच्या डब्यातून आपल्या घरी परत आला आणि आपण तो विलायती म्हणून विकत घेतला.

मला लूडोही आवडतो. २०२० च्या टाळेबंदीत मी हैदराबादला, बहीण बडोद्याला, आणि आम्ही रोज रात्री मोबाइलवर लूडो खेळायचो. ती माझी सोंगटी मारून खदखदून हसायची. पण तिच्यासाठी माझी सोंगटी थांबवावी, अशी वेळ त्या खेळात कधी आली नाही.

आजीचा पट आता माझ्याकडे आहे. एका भुजेची शिवण उसवली आहे, तीन कवड्या हरवल्या आहेत. तुमच्या घरी असा पट असेल, तर या दिवाळीत बाहेर काढा. आणि ज्यांचं आपसांत पटत नाही, त्यांना समोरासमोर बसवा. भेटू पुढच्या भागात.