सत्तावीसच का?

नक्षत्रे सत्तावीस, हे ठीक. पण लिनक्सच्या जुन्या सॉफ्टवेअर रेडमध्येही, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या सोयीतही, डिस्क जास्तीत जास्त सत्तावीसच कशा? याचे उत्तर 4096 बाइटच्या एका नोंदीत आहे.

इंगो मोल्नार आणि गादी ऑक्समन यांनी 1996 ते 98 दरम्यान रेडच्या नोंदीचा हा आराखडा आखला. त्याला म्हणतात सुपरब्लॉक, आवृत्ती 0.90. त्याला रेडचे रेशनकार्डच समजा. फरक इतकाच की याची प्रत घरातल्या प्रत्येकाकडे, म्हणजे प्रत्येक डिस्कच्या शेवटाजवळ असते. पहिले 512 बाइट घरच्या सामाईक माहितीला. उरले 3584. प्रत्येक सभासदाला 128 बाइटची ओळ, म्हणजे ओळी झाल्या 28. त्यातली एक ‘ही प्रत कोणाची’ हे सांगायला राखलेली. राहिल्या सत्तावीस. (माहितीपुस्तिकेत मर्यादा 28 दिलेली आढळते, ती राखीव ओळही मोजली गेली असावी.)

गंमत पुढे आहे. त्या 128 बाइटच्या ओळीत खरी माहिती फक्त 20 बाइटची: अनुक्रम, उपकरणाचे दोन क्रमांक, रेडमधली जागा आणि स्थिती. बाकीचे 108 बाइट ‘पुढे लागतील’ म्हणून कोरे सोडलेले. म्हणजे जागा कमी होती म्हणून दार बंद झाले नाही. पुढच्यांची सोय म्हणून ऐसपैस ओळी आखल्या आणि नेमकी पुढच्यांचीच अडचण झाली. आखणाऱ्यांना दोष देववत नाही. त्या काळी एका यंत्राला सत्तावीस डिस्क जोडणारा माणूस शोधावाच लागला असता.

पुढे हे काम सांभाळणाऱ्या नील ब्राउन यांच्या काळात आवृत्ती 1 आली, आणि तिने हात आखडता घेतला. प्रत्येक डिस्क स्वतःची ओळख स्वतःजवळ ठेवते. सामाईक यादीत प्रत्येकीच्या वाट्याला येतात दोनच बाइट, फक्त भूमिकेपुरते. त्याच 4096 बाइटमधून 256 मथळ्याला गेले, उरलेल्या 3840 मध्ये 1920 डिस्क मावतात.

तरी 0.90 लगेच अडगळीत गेली नाही. यंत्र सुरू होताना कर्नल स्वतःहून ओळखून जोडतो तो रेड याच आवृत्तीचा. नव्या आवृत्तीला बाहेरून एमडीअ‍ॅडम हे रेड जोडणारे साधन बोलवावे लागते. म्हणून यंत्र सुरू करणाऱ्या छोट्या, दोन डिस्कांवरच्या विभागासाठी लोक हेच जुने कार्ड वापरत राहिले, पंचवीस ओळी कोऱ्या ठेवून.