उंबरठा आणि छावणी : पुणे, १८९७

१८९७च्या पुण्यातील प्लेगचे मराठी कथन बहुधा २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत येऊन थांबते. चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेली गोळी हा या कथनाचा शेवट मानला, की तत्पूर्वीचा लोकक्षोभ एकजिनसी भासू लागतो : एका बाजूस जुलमी सत्ता, दुसऱ्या बाजूस दुखावलेली प्रजा. विलगीकरणाविषयीचे लोकमत मात्र इतके एकमुखी नव्हते.

फेब्रुवारी १८९७मध्ये संमत झालेल्या साथरोग कायद्याने सरकारला विशेष उपाययोजनेचे व्यापक अधिकार दिले. रँड यांच्या प्लेग समितीने पुण्यात ते गोऱ्या सैनिकांकरवी राबविले. घरझडती, रुग्णांना सक्तीने रुग्णालयात नेणे, निकटवर्तीयांची छावणीत रवानगी हा त्याचा क्रम होता. ‘केसरी’चा रोख मुख्यतः या पद्धतीवर होता, रोगप्रतिबंधाच्या तत्त्वावर नव्हे. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांनाही टिळकांनी दोष दिला आणि हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय काढले.

तक्रारीची भाषा मात्र देवघर, स्वयंपाकघर आणि स्त्रियांची अब्रू यांभोवती घडली. ‘घर’ ही या भाषेतील मध्यवर्ती प्रतिमा होय. आणि ते घर प्रामुख्याने सोवळेओवळे पाळणाऱ्यांचे होते. ज्यांना त्या उंबरठ्याच्या आत कधीच प्रवेश नव्हता, त्यांचा अनुभव या भाषेत मावत नाही. सावित्रीबाई फुले याच काळात रुग्णांना यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचवीत होत्या. १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या कृतीत रुग्णाला घराबाहेर नेणे म्हणजे शुश्रूषा.

पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून प्लेग व्यवस्थेतील स्त्रियांच्या असुरक्षिततेला वाचा फोडली. गोखल्यांनी इंग्लंडमध्ये सैनिकांवर केलेले अत्याचाराचे आरोप पुराव्याअभावी मागे घेतले व क्षमा मागितली. पुढे चर्चा रंगली ती गोखल्यांच्या माघारीची. ज्या स्त्रियांविषयी हे आरोप होते, त्यांची स्वतःची साक्ष मात्र नोंदीबाहेरच राहिली. समाजाच्या अब्रूचे प्रतीक झालेली स्त्री स्वतः वक्ती होऊ शकली नाही.

२०२०मध्ये हाच कायदा महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला आणि विलगीकरणात पाठविलेल्यांच्या हातांवर शाईचे शिक्के उमटले. विलगीकरण हवे की नको, एवढ्यावरच चर्चा थांबली तर १८९७चा धडा निसटतो. कोणाचे घर, कोणाची छावणी आणि कोणाची साक्ष, हे प्रश्न त्या चर्चेच्या आधीचे आहेत.